धरणं, व्हिसा आणि बाबांचा फोन

ताई,
मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. शैक्षणिक कर्ज बाबांच्या नावावर आहे आणि त्यासाठी राहतं घर तारण आहे. आमच्या लॅबमध्ये एक पॅलेस्टिनी मुलगा आहे. त्याच्या मामाचं गाझातलं अख्खं घर गेलं, माणसांसकट. बातमी आली त्या दिवशी तो दुपारी लॅबमध्ये आला, हेडफोन लावले आणि संध्याकाळपर्यंत कोड लिहीत बसला. तेव्हापासून मी इथल्या विद्यार्थी गटाच्या सभांना जाते. विद्यापीठाने शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यावी, अशी आमची मागणी आहे. आता गटाने प्रशासकीय इमारतीत आत बसून धरणं धरायचं ठरवलंय. पोलीस आले तरी उठायचं नाही. माझी रूममेट (ती अमेरिकन आहे) म्हणते, आता मागे राहणं म्हणजे अन्यायात सामील होणं. बाबा म्हणतात, ग्रुपमधून बाहेर पड, सगळं डिलीट कर, चळवळीत काही ठेवलेलं नाही. हेच बाबा विद्यार्थी असताना नामांतरासाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते! डिसेंबरमध्ये चुलत बहिणीचं लग्न आहे, तिकीट काढलंय. मी आत बसू का? नाही बसले तर भित्री ठरेन का?
– नाव नको

प्रिय मुली,

आधी उत्तर देते, कारण धरण्याचा दिवस जवळ आलेला दिसतोय. आत बसू नकोस. मी तुझ्या जागी असते तर बसले नसते. पण घरात दार लावूनही बसले नसते, आणि हे पत्र मुख्यतः त्याबद्दलच आहे.

बाबांवर तू रागावली आहेस. साहजिक आहे. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ला झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधली साडेपंधरा वर्षं कशी गेली, कुणाची घरं जळली, कुणाची शिक्षणं सुटली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. चळवळीची किंमत कोण भरतं हे ठाऊक असलेल्या माणसाची ही भीती आहे, तिला दुटप्पीपणा म्हणू नकोस. फक्त तुझी भीती नेमकी कशाची असायला हवी हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते ‘सगळं डिलीट कर’वर येतात. ते तुरुंगातून सुटले ते आपल्या घरी आले. त्यांना कुणी देशाबाहेर काढू शकत नव्हतं. तुला काढू शकतात.

रूममेटच्या बाबतीतही हाच फरक आहे. २०२४च्या वसंतात अमेरिकेतल्या कॅम्पसवरच्या गाझा आंदोलनांत तीन हजारांहून जास्त जणांना अटक झाली. पुढे कित्येकांवरचे आरोप मागे घेतले गेले. रूममेटला अटक झाली तर बहुधा रात्रीपर्यंत ती घरी येईल आणि काही महिन्यांत प्रकरण मिटेल. तुझं प्रकरण मात्र मिटल्यानंतर सुरू होऊ शकतं. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म आठव. त्यात ‘तुम्हाला कधी अटक झाली होती का’ असा थेट प्रश्न आहे. शिक्षा झाली नाही, आरोप रद्द झाला, तरी उत्तर ‘हो’च लिहावं लागतं. कोलंबिया विद्यापीठात शहरनियोजनात पीएच.डी. करणारी रंजनी श्रीनिवासन ही भारतीय विद्यार्थिनी ३० एप्रिल २०२४च्या रात्री पोलिसांच्या धरपकडीत सापडली. मी घरी परतत होते, आंदोलनात नव्हतेच, असं तिचं म्हणणं. तिच्यावर समन्स निघाले आणि ते रद्दही झाले. पण नंतर व्हिसा नव्याने घेताना तिने त्यांची नोंद दिली नाही, असा ठपका सरकारने ठेवला. ५ मार्च २०२५ला तिचा व्हिसा रद्द झाला आणि आठवडाभरात ती देश सोडून कॅनडात गेली.

त्याच महिन्यात आणखी दोन प्रकरणं झाली, तीही तुला माहीत असतील. महमूद खलील कोलंबियाच्या आंदोलकांच्या वतीने प्रशासनाशी वाटाघाटी करायचा. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. तरी ८ मार्चला त्याला राहत्या इमारतीतून उचललं. तो लुइझियानातल्या कोठडीतून २० जूनला बाहेर आला, तोपर्यंत त्याचा मुलगा जन्मून दोन महिने झाले होते. दुसरी टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की संशोधक रुमेसा ओझतुर्क. २५ मार्चच्या संध्याकाळी साध्या कपड्यांतल्या, तोंडं झाकलेल्या सरकारी माणसांनी तिला रस्त्यावर घेरलं. तिचा व्हिसा आधीच रद्द झाला होता आणि हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिने केलं काय होतं? वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या वृत्तपत्रात आणखी तिघांसोबत एक लेख लिहिला होता. विद्यार्थी सिनेटने (निवडून आलेल्या विद्यार्थी मंडळाने) गाझाबद्दल केलेले ठराव प्रशासनाने मानावेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. ती सुटली ९ मे रोजी.

हे घाबरवायला सांगत नाही. ओझतुर्कने कुठलीही इमारत अडवली नव्हती, म्हणजे ‘मागच्या रांगेत उभी राहिले की मी सुरक्षित’ हे गणितही खरं नाही. शंभर टक्के सुरक्षित जागा या कामात तुला मिळणार नाही. मिळेल ती कमी-जास्त धोक्याची. तिची निवड तू करायची. गटातल्या उत्साहाने नाही आणि बाबांच्या धसक्यानेही नाही.

कायदा खरं तर बराचसा तुझ्या बाजूने बोलतो. बॉस्टनचे फेडरल न्यायाधीश विल्यम यंग यांनी ३० सप्टेंबर २०२५ला निकाल दिला, की कायदेशीरपणे तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही नागरिकाइतकंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, आणि पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलल्याबद्दल विद्यार्थ्यांना देशाबाहेर काढण्याचं सरकारी धोरण घटनाबाह्य आहे. पण खलील आणि ओझतुर्ककडे बघ. त्यांनाही न्यायालयानेच सोडलं, कोठडीतले आठवडे भोगून झाल्यावर. निकाल हाताशी असणं आणि वेळेला वकील हाताशी असणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर तुझ्या कर्जाच्या हप्त्यांत मोजलं जाईल.

आता जे कुणी फारसं बोलत नाही ते. तुला पोलिसांपेक्षा आणि इमिग्रेशनपेक्षा आधी गाठेल ते तुझं स्वतःचं विद्यापीठ. सरकारी विद्यापीठावर अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी, बंधनकारक आहे. म्हणजे मोकळ्या जागेत फलक धरून उभं राहण्याचा, पत्रकं वाटण्याचा, घोषणा देण्याचा तुझा हक्क खासगी विद्यापीठातल्या मुलीपेक्षा पक्का आहे. पण कुठे, किती वाजता, किती आवाजात, यावर प्रशासन नियम घालू शकतं, आणि कार्यालयाच्या आत ठाण मांडून बसणं या हक्कात येत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात अनेक विद्यापीठांनी नियमावल्या बदलल्या: तंबू नकोत, ओळखपत्र मागितलं की दाखवा, अमुक वेळेनंतर ध्वनिक्षेपक बंद. तेव्हा तुमच्या सीनियरने दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते विसर आणि यंदाची नियमावली उघडून वाच. गटातल्या किती जणांनी ती वाचली आहे, हेही एकदा विचारून बघ. उत्तर ऐकून चकित होशील असं मला वाटतं.

नियम मोडला तर काय होतं? आधी एक ईमेल येतो. भाषा अगदी सौम्य असते, तुमच्याकडून नियमभंग झाल्याचं दिसतं, अमुक तारखेपर्यंत भेटायला या. प्रकरण मोठं असेल तर त्याच ईमेलमध्ये चौकशी होईपर्यंतचं तात्पुरतं निलंबन असतं. दुसऱ्या दिवशी लॅबच्या दाराला कार्ड लावतेस आणि दिवा लालच राहतो. वर्गाला बंदी, असिस्टंटशिप असली तर तीही थांबते. तुझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलासाठी हे एक वाया गेलेलं सत्र. तुझ्यासाठी पूर्णवेळ नोंदणी तुटली म्हणजे एफ-१ची अटच तुटली, आणि ही गोष्ट सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंदवणं विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला भाग असतं. म्हणजे एकही पोलीस न येता, कुठल्याही मंत्र्याने तुझं नाव न ऐकता, तू देशाबाहेर. शिवाय पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायची मुभा, बारा महिने आणि तुझा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत असेल तर वर चोवीस, त्यावरच तुझ्या कर्जफेडीचा सगळा हिशेब उभा असणार. तुमच्या बँकेला गाझा समजत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम कर: इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोल. आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या बाई कितीही मायाळू असल्या तरी त्या तुझ्या वकील नाहीत. त्यांना नियम विचार, तुझे बेत सांगू नकोस. मोठ्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीमधून चालणारं कायदा सल्ला केंद्र असतं, तिथून सुरुवात करायला हरकत नाही, मात्र खुद्द विद्यापीठाविरुद्धचं प्रकरण ते बहुधा घेत नाहीत. नॅशनल लॉयर्स गिल्ड ही वकिलांची संघटना आणि एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना, यांच्या स्थानिक शाखा अशा विद्यार्थ्यांना वकील शोधून द्यायला मदत करतात. वकिलाकडे मात्र काही लपवू नकोस. जुनं एखादं ट्रॅफिक तिकीटसुद्धा.

आणि मग काम. तुमची मागणी गुंतवणुकीची आहे ना? मग मला सांग, तुमच्या विद्यापीठाचा पैसा कोणत्या फंडात आहे, तो फंड कोण चालवतं, त्यात शस्त्रकंपन्यांचा वाटा किती, हे तुमच्या गटात कुणाला नेमकं माहीत आहे? घोषणा देणारे शंभर असतात आणि ताळेबंद वाचणारे दोन. सरकारी विद्यापीठ असल्याने राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली ही माहिती मागता येते. आपल्या माहितीच्या अधिकारासारखंच ते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्रशासनाबरोबर बसून गुंतवणुकीच्या धोरणावर काम केलं आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये लॉकहीड मार्टिन, पॅलंटिर, लिओनार्डो आणि कॅटरपिलर या कंपन्यांतले पैसे निघाले. ब्राउन विद्यापीठात मुलांनी ३० एप्रिल २०२४ला तंबू उठवले ते एका लेखी कबुलीवर, की विश्वस्त मंडळ या मागणीवर मतदान घेईल. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं आणि मंडळाने मागणी फेटाळली. हरले. पण त्याआधी त्यांना विश्वस्तांसमोर बसून आपली बाजू मांडता आली आणि मंडळाला नकाराची कारणं कागदावर द्यावी लागली. पुढच्या तुकडीला ती कारणं खोडून काढता येतील. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळीही असंच झालं होतं. कोलंबियातल्या मुलांनी १९८५च्या एप्रिलमध्ये हॅमिल्टन हॉलचं दार अडवलं, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. १९८६मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ३ अब्ज डॉलरहून जास्त गुंतवणूक काढायचं ठरवलं, त्यामागची वर्षानुवर्षांची आकडेमोड कुणाच्या फोटोत नाही.

दार अडवणारे नकोत असं मी म्हणत नाही. ते नसते तर आकडेमोड कुणी ऐकली नसती. तुमच्या धरण्यात आत बसायला नागरिक असलेली मुलं आहेत. त्यांना अटक परवडते, ती त्यांनी सोसावी. चांगला गट हे आधीच विचारतो: कुणाचा व्हिसा आहे, कुणाची नोकरी परवान्यावर आहे, कुणाला दम्याचा त्रास आहे. तुमच्या गटाने विचारलं नसेल तर पुढच्या सभेत तूच हात वर कर. तुझ्यासारखे आणखी चार जण मान खाली घालून बसलेले असतील, त्यांना हायसं वाटेल. रूममेटला यापेक्षा जास्त स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. ‘तू आत बस, मी माहितीचा अर्ज करते आणि तुझ्या आईचा नंबर माझ्याकडे ठेवते’ एवढं सांग. तेवढ्यावरही ती तुला भित्री म्हणाली, तर ती तुझ्या व्हिसाबद्दल काहीच शिकलेली नाही, आणि ते शिकवणं तुझ्या कामांच्या यादीत बरंच खाली ठेव.

नावाने लेख लिहायचा का, निवेदनावर सही करायची का? ओझतुर्कच्या उदाहरणानंतर मी ‘खुशाल कर’ म्हणणार नाही आणि ‘करू नकोस’ असंही माझ्याने म्हणवत नाही. सही करायचीच असेल तर मजकूर शब्द न् शब्द वाचून कर. ओझतुर्कच्या लेखाचं बळ हेच होतं, की त्यात सरकारला बोट ठेवायला जागा सापडली नाही आणि न्यायालयात तो तिच्याच बाजूने उभा राहिला.

हीच गोष्ट घोषणांची. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांच्या पुढे गेला. गाझातलं एकही विद्यापीठ धड राहिलेलं नाही. पहिलं वाक्य म्हटल्याने दुसरं हलकं होत नाही. तुमच्या आंदोलनात ज्यू मुलंही असतील. कोलंबियाने नोव्हेंबर २०२३मध्ये दोन विद्यार्थी संघटना निलंबित केल्या, त्यांतली एक ज्यू विद्यार्थ्यांचीच होती. आणि आंदोलनाबाहेर अशीही ज्यू मुलं असतील, ज्यांना तुमच्या काही घोषणा ऐकून खरोखर धास्ती वाटते. ‘नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त होईल’ (जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र) ही घोषणा एकाला समान हक्कांची वाटते, दुसऱ्याला आपल्या माणसांना पुसून टाकण्याची. तुझ्या वर्गातल्या ज्यू मुलीसमोर बसून ज्या फलकाचा अर्थ तुला न अडखळता सांगता येईल, तोच फलक हातात धर. त्यात बोटचेपेपणा काही नाही.

एक गोष्ट मला तुझ्या पत्रात सापडली नाही. लॅबमधला तो मुलगा. त्याने तुला धरण्याला बोलावलंय का? त्याच्याबद्दल तू चार ओळी लिहिल्यास आणि नंतर तो पत्रातून गायबच झाला. कदाचित तोही व्हिसावर असेल, आणि त्याला परत पाठवायचं म्हटलं तर कुठे, हा प्रश्न तुझ्यापेक्षा त्याच्यासाठी भयंकर आहे. त्याच्या नावाने आपण काय करायचं हे ठरवण्याआधी त्याला विचार, तुला काय हवंय. त्याचं असाइनमेंट आठवडाभर कुणीतरी सांभाळायला हवं असेल. प्राध्यापकांकडून मुदत मागताना सोबत कुणीतरी हवं असेल. किंवा लॅबमध्ये कुणी विषयच काढू नये, असंही असेल. हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला काय हवं ते बाहेरून कळत नाही.

धरण्याच्या दिवशी तू बाहेर, परवानगी असलेल्या जागेत उभी राहणार असशील तर थोडं बारकाईने. पोलीस कारवाईआधी सहसा ध्वनिक्षेपकावरून पांगण्याचा आदेश वाचतात आणि थोडा वेळ देतात. आदेश ऐकू आला की निघ. दुसऱ्या वाचनाची वाट बघू नकोस, फोटो काढायला थांबू नकोस. उजळ हिरव्या टोप्या घातलेले लोक दिसतील, ते लॉयर्स गिल्डचे निरीक्षक, कोण कुठे नेलं गेलं याची टिपणं ठेवतात. कुणी अडवलंच तर ‘मी जाऊ शकते का?’ हे विचार. नाही म्हणाले तर ‘मला वकिलाशी बोलायचंय’ आणि त्यापुढे तोंड बंद. खोटं तर अजिबात नाही. वकिलाचा नंबर दंडावर पेनाने लिहून ठेव, फोन सगळ्यात आधी काढून घेतात. आणि परतताना इमारतीच्या दाराशी रेंगाळू नकोस, रंजनीच्या बाबतीत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

राहिलं ‘सगळं डिलीट कर’ आणि डिसेंबरचं लग्न. जून २०२५पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातंय, आणि डीएस-१६०मध्ये मागच्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं द्यावी लागतात. घाबरून खाती उडवलीस आणि पुढे फॉर्मवर ती लिहिली नाहीस, तर जी गोष्ट गुन्हा नव्हती तिच्यावर खोटेपणाचा शिक्का बसेल. काय ठेवायचं, काय काढायचं हे वकिलाला विचारून ठरव. प्रवासाचंही तसंच. व्हिसा रद्द झाला म्हणून आत असलेल्या माणसाचं वास्तव्य त्याच क्षणी आपोआप बेकायदा ठरत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलीस की त्याच व्हिसावर परत येता येत नाही. विमानतळावर फोन उघडून मागू शकतात. नागरिक नसलेल्याने नकार दिला तर आल्या पावली परत पाठवू शकतात. तिकीट रद्द कर असं मी म्हणत नाही, तुझा व्हिसा आज कोणत्या अवस्थेत आहे हे तपासल्याशिवाय विमानात चढू नकोस. लग्नाला यायला जमलं नाही तर काकू रुसतील. त्यांची समजूत घालायचं काम बाबांकडे दे. तेवढंच त्यांनाही काही केल्यासारखं वाटेल.